त्रेचाळीस दात, दहा दात

टेकाळे डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर लिहून आणलं होतं:
चाळीसला घुं सुरू.
पाय काढला की सूर बदलतो.
वळणावर फरक नाही.
क्लच सोडताना मागे ठक्.
खाली तारीख, सही,
दातांच्या दवाखान्याचा शिक्का, जुना जालना.

गनी मिस्त्रींना ऐकू येत नाही, अकरा वर्षं झाली.
कागद त्यांनी दोनदा वाचला,
तिसऱ्या ओळीवर काळं बोट ठेवलं
आणि म्हणाले, मोठ्यानं, सगळंच म्हणतात तसं,
"चाकाची बेरिंग नाही. पोटातलं आहे."

गाडी एमजी, एकसष्टची, दोनच माणसांची,
परभणीच्या जिनिंगच्या गोदामातून आणलेली.
सीटखाली अजून सरकी निघते.

मागचा एक्सल घोड्यांवर घेतला.
मी तिसरा गिअर टाकला, चाकं हवेत फिरू लागली.
मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर हौसिंगला टेकवला
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
जबड्यातून वर, कवटीत,
गाडी त्यांच्यात चढताना दिसत होती.
"दात जातील अशानं," डॉक्टर म्हणाल्या.
त्यांना कुठे ऐकू.

तेल काढलं. काळं, आणि उन्हात धरलं तर आत वर्ख.
उजवा सील गळून ब्रेकचे लायनर भिजलेले.
एका हाफशाफ्टच्या खाचा
चरकातून निघालेल्या चिपाडासारख्या.
ठक् तिथला.
तो तुकडा मी एमआयडीसीत टाकून आलो.

मग शेंदूर. तेलात कालवून
क्राऊनच्या सात-आठ दातांना ब्रशनं.
मी चाक थोडं अडवून धरलं,
मिस्त्रींनी पिनियन हातानं फिरवला, पुढे, मागे.
पुसलं गेलं ते फक्त शेंड्याला, नखाएवढं.
बाकी दात लालच्या लाल.

डॉक्टर तेलाच्या डब्यावरून उठल्या.
"थांबा. हे तर मी रोज करते."
निळा कागद दातांत, कटकट चावा,
कुठे उंच लागतंय ते बघायचं.
माणसाला बत्तीस, इथे त्रेचाळीस आणि दहा.
"वरवर चावतायत," त्या म्हणाल्या. बरोबर होतं.

पिनियन बाहेर आला.
मागे कंपनीचा वायसर नव्हता.
डालड्याच्या डब्याचा पत्रा होता, कात्रीनं गोल कापलेला,
दबून दबून कागद झालेला,
ताडाचं अर्धं झाड अजून हिरवं.

मिस्त्रींनी तो पालथा केला.
कडेला खिळ्याचे तीन टोचे.
बराच वेळ गेला.
मग, मी पहिल्यांदाच ऐकलं असं हळू,
"ये तो मेराच हात है."

अडुसष्ट साल. उस्ताद जेवायला गेलेले,
शेठ दारात, वायसर मुंबईहून यायला महिना.
सतरा वर्षांच्या पोरानं डबा कापला.
गाडी चालली. शेठनं पाच रुपये दिले.
नोट कशी होती तेही त्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी कागद उलटा करून लिहिलं
आणि त्यांच्यापुढे धरला:
माझी पहिली कॅप, एक्क्याण्णव.
बाई अजून डावीकडूनच जेवते.

नवा वायसर घासायला दोन दिवस गेले.
शेंदूर तीनदा लावला, तीनदा पुसला.
चौथ्यांदा ठसा मधोमध, तुरीच्या शेंगेसारखा लांबट.
क्राऊन-पिनियनमध्ये सहा थाऊ खेळ ठेवला,
तेल जायला.

अंबड रोडला त्या दोघांनी नेली. मी मागे मोटरसायकलवर.
घुं ऐकू आलं नाही,
पण माझ्याच इंजिनाचा आवाज केवढा.
डॉक्टर म्हणाल्या, पंचावन्नला किंचित आहे.
मिस्त्रींनी बोटांनी किंमत सांगावी
तसा तळवा हलवला: राहू दे.

बिलाचं विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी तोंड उघडलं
आणि खालच्या दाढेकडे बोट केलं.
डॉक्टरांनी त्यांना सीटवरच मागे रेललं,
माझ्याकडची ग्रीस लागलेली बॅटरी घेतली,
"मोठा आ" म्हणायला गेल्या, थांबल्या,
आणि स्वतःच आ केला.